बर्फाळ मुलखातले चाकरमानी

सकाळी नाश्त्याला मी नात्तो खाल्ला, तिथेच सगळं बिनसलं.

नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन. चिकट, ढवळले की तारा सुटणारे. सहा वर्षं तोक्योत काढल्यावर मला ते आवडायला लागलेत. बाबांनी वाटी नाकापर्यंत नेली आणि होती तिथे ठेवली. "ह्या नासला गो," एवढंच म्हणाले आणि साध्या भातावर मीठ टाकून जेवले.

तासाभराने आम्ही मिनामी-उओनुमातल्या एका लहानशा साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, कारखान्याच्या दारात उभे होतो. दारावर देवदाराच्या पानांचा मोठा गोळा टांगलेला. नवी साके तयार झाली की हिरवागार गोळा लावतात आणि तो वाळत वाळत तपकिरी होतो. गोळ्याच्या रंगावरून आतली साके किती मुरली ते गावाला कळतं. आमच्या स्वागताला आलेल्या गमबूटवाल्या मुलीने नाव विचारायच्या आधी विचारलं, "आज नात्तो खाल्लात का?" मी हो म्हटलं. ती चक्क अर्धं पाऊल मागे सरली.

नात्तोचे जंतू महाचिवट. अंगाला, कपड्यांना चिकटून आत गेले आणि कोजीच्या, म्हणजे बुरशी चढवलेल्या भाताच्या, उबदार खोलीत रुजले, तर तिथला तांदूळ बुळबुळीत होऊन वाया. म्हणून साकेच्या हंगामात कामगार महिनोन्महिने नात्तो शिवत नाहीत. हे मी वाचलं होतं, दुसऱ्यांना सांगितलंही होतं, आणि नेमकी त्याच दिवशी विसरले. मुलगी कमरेत वाकून माफी मागत राहिली. चूक माझी, माफी तिची. मला दुकानात बसता येईल, काचेतून धुणं-भिजवणं बघता येईल, पण आत नाही.

मग तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी तर नात्तो खाल्ला नव्हता.

आतून सत्तरी ओलांडलेला एक माणूस आला. त्याने बाबांना पांढरा डगला दिला, डोक्याला जाळी दिली, गमबूट पुढे केले आणि हाताने 'चला' अशी खूण केली. जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेले, जपानीचा 'जी' न येणारे माझे वडील त्याच्यामागून निघून गेले. जिने महिनाभर आधी फोन करकरून ही भेट ठरवली होती, ती मी बाहेर.

बाबांना इथे आणायची कल्पना खरं तर वेगळ्याच कारणाने सुचली. निशी-कासाईच्या आमच्या घराजवळच्या दुकानात त्यांनी उओनुमाच्या कोशिहिकारी तांदळाची किंमत माझ्याकडून रुपयांत काढून घेतली होती. पाच किलोची पिशवी हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, हा तांदूळ पिकतो कुठे ते बघायचं. देवगडजवळ आमची थोडी भातशेती आहे, त्यामुळे ही मागणी रास्तच होती. अडचण एवढीच की महिना फेब्रुवारी, आणि फेब्रुवारीत उओनुमाची शेतं दोन-दोन, तीन-तीन मीटर बर्फाखाली असतात. अशा दिवसांत तांदूळ हाताळताना बघायचा तर जागा एकच: साकेचा कारखाना. हे मी त्यांना तिकिटं काढल्यावर सांगितलं. ते काही बोलले नाहीत. उएनो गेलं, ओमिया गेलं, तरी गप्पच.

त्या गप्प बसण्यामागे माझे आजोबा होते. गिरणगावात साचेवाले. गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचे, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत काय असायचं याच्या गोष्टी बाबा रंगवून सांगतात. उरलेल्या महिन्यांत मनीऑर्डर का यायची नाही, हे ते फारसं सांगत नाहीत. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकापासून खोलीपर्यंत हातभट्टीचे किती अड्डे लागायचे, ते त्यांना पाठ आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्या पावसाळ्यात आजोबा गावी आले आणि परत गेलेच नाहीत. आमच्या घरात दारू ही चवीची गोष्ट कधी नव्हती. ती ट्रंकेतून वजा झालेली गोष्ट होती.

तोक्योहून एचिगो-युझावा शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, जेमतेम सव्वा तास. वाटेत दाइशिमिझूचा बोगदा लागतो, बावीस किलोमीटरचा. अलीकडे कोरडं, स्वच्छ ऊन. पलीकडे निघालो की आकाश, डोंगर, छपरं सगळं एका रंगाचं. याचं कारण भूगोलाच्या धड्याइतकं सरळ आहे: सैबेरियाचा थंड कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येतो, तिथल्या उबदार प्रवाहावरून वाफ उचलतो, मिकुनीच्या रांगेला थडकतो आणि सगळं ओझं याच बाजूला टाकून पलीकडे कोरडा उतरतो. घाटमाथ्याला मोसमी ढग अडतात, तोच प्रकार. फक्त इथे पावसाच्या जागी बर्फ. इथल्याच निईगाता प्रांताचे काकुएई तानाका पुढे पंतप्रधान झाले. सुरुवातीच्या प्रचारसभांत ते म्हणत, मिकुनीचा डोंगरच पाडू, म्हणजे बर्फ पडणार नाही, आणि निघालेल्या मातीने समुद्र भरून सादो बेट जोडून घेऊ. डोंगर आहे तिथेच आहे. त्याच्या पोटातून ही गाडी मात्र निघाली, नोव्हेंबर १९८२ मध्ये. संपाचंच साल. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा बोलले, "म्हणजे हयले लोक तवा रेल्वेन जावक लागले."

जायला तर ते आधीच लागले होते, चालत. पण तिकडे मी नंतर येते.

युझावाला उतरल्यावर बाबा चक्रावले ते रस्त्याने. रस्त्याच्या मधोमध जमिनीत भोकं, त्यातून पाण्याची कारंजी, आणि सगळा रस्ता गंजल्यासारखा तांबडा. "रस्त्यार पाणी कित्याक मारतत?" जमिनीखालचं पाणी बर्फापेक्षा ऊबदार असतं, ते सोडलं की बर्फ वितळतं. पाण्यातल्या लोहाने रस्ता तांबूस होतो. ही युक्ती नागाओकाकडची, साठच्या दशकातली. बाबांचं समाधान झालं नाही. पाणी असं वाया घालवताना बघणं कोकणातल्या माणसाला, पावसाळ्यात कितीही पडलं तरी, मे महिन्याच्या आठवणीने जड जातं.

तर मी काचेबाहेर बसले होते. काचेपलीकडे दोघे जण तांदूळ धूत होते. एका वेळी दहाएक किलो, जाळीच्या पिशवीत. एकाच्या गळ्यात स्टॉपवॉच. पिशवी पाण्यात बुडवली की तो आकडे म्हणायला लागायचा आणि ठरल्या सेकंदाला दोघे मिळून ती उचलायचे. मग वजन. किती पाणी प्यायलं ते ग्रॅममध्ये फळ्यावर. आई तांदूळ धुऊन 'राहू दे घटकाभर' म्हणते, तिथे यांचा हिशेब सेकंदांचा. कारण हा तांदूळ इतका घासलेला असतो की पाणी स्पंजासारखं ओढतो. दहा सेकंद जास्त झाले तर वाफवल्यावर गिच्च गोळा.

घासलेला म्हणजे किती, तर बाटलीवर आकडा असतो. ६० म्हणजे दाण्याचा साठ टक्के भाग ठेवला, चाळीस टक्के घासून काढला: तो गिंजो. ५० किंवा त्याखाली गेला की दाइगिंजो. दाण्याच्या बाहेरच्या थरांत प्रथिनं आणि तेल, त्यांनी चव जड होते. मधला पांढरा गाभा नुसता पिठूळ, तो यांना हवा. आपल्याकडे एकसडी, दुसडी तांदूळ असतो. वायनात मुसळाने सडताना आजी दाणा फुटू नये म्हणून जिवाचा आटापिटा करायची. इथे दोन-दोन दिवस यंत्रात फिरवून दाण्याचा मोती करतात. पिठूळ गाभ्याचे तांदूळही वेगळेच. इथला जुना वाण गोह्याकुमानगोकु, म्हणजे 'पन्नास लाख कोकु'. कोकु हे तांदूळ मोजायचं जुनं माप. निईगाताचं भाताचं पीक पन्नास लाख कोकुंच्या पुढे गेलं, त्याच्या आनंदात १९५७ मध्ये हे नाव ठेवलं. पिकाच्या आकड्यावरून वाणाचं बारसं करणारे लोक मला आवडतात.

बाबा तासाभराने बाहेर आले. चष्म्यावर वाफ, गाल लाल. आणि जे बोलायला लागले ते थांबेनात. ज्या खोलीत मी गेलेच नाही ती मी तुम्हाला सांगते आहे, ती त्यांच्या तोंडची.

पहिली तक्रार तांदळाची. "ह्येंनी अर्धो तांदूळ सडून उडवल्यानी गो!" कोंड्याचं काय करतात म्हणून विचारलंत का, असं मी म्हटलं. त्यांनी विचारलं होतं, हाताने. म्हाताऱ्याने त्यांना एका पोत्यातलं पांढरंशुभ्र पीठ दाखवलं आणि खिशातून भाताची कुरकुरीत चकती काढून दिली. बाहेरचा तांबूस कोंडा गुरांना आणि शेतात, आतलं पांढरं पीठ खाऊला. मग बाबांचा जीव भांड्यात पडला.

दुसरी तक्रार भाताची. मोठ्या पातेल्यावर वाफवलेला तांदूळ, खालून वाफ, शिजवणं नाहीच. म्हाताऱ्याने मूठभर तळहातावर घेऊन अंगठ्याच्या मुळाने मळला, त्याची पातळ चकती केली आणि उजेडासमोर धरली. बाबांनीही मूठ घेतली आणि तसंच केलं. मोदकाची उकड झाली का ते बघताना आमच्याकडे असंच करतात, त्यामुळे हात आपोआप चालला. "भात अजून शिजाक नाय, असा मी म्हटलंय. तर तो हसाक लागलो." बरोबरच होतं ते. साकेला भात बाहेरून टणक, आतून मऊ लागतो. बुरशीची मुळं आतल्या ओलाव्याच्या ओढीने दाण्यात शिरली पाहिजेत. असला भात पंगतीत वाढला तर यजमानाची अब्रू गेलीच.

मग ती उबेची खोली. बाहेर शून्याखाली, आत डगल्यातून घाम. चारी भिंती लाकडाच्या. मेजांवर भात पसरलेला, वर पांढरी लव. आंब्याच्या आढीसारखी ऊब येते, असं बाबा म्हणाले. दोन दिवस हा भात हात लावून लावून जपायचा: गरम झाला तर पसरायचा, गार झाला तर गोळा करून पांघरूण घालायचं, रात्री उठूनसुद्धा. ही कोजी. बुरशी भाताच्या पिठाची साखर करते. म्हाताऱ्याने चिमूटभर खायला दिली. गोड लागली, आणि वास? बाबांनी डोळे मिटून आठवला. "चुलीत भाजलेल्या घोट्यांचो." फणसाच्या आठळ्या! जपानी लोक या वासाला भाजलेल्या चेस्टनटचा वास म्हणतात. मी इतक्या वेळा वाचलं होतं, पण चेस्टनट हे आपल्या अंगणातलं फळ नव्हे, त्यामुळे नाकाला काही कळलं नव्हतं. आता कळलं, तेही नाक बाहेर असताना.

बाबांचा खरा प्रश्न त्यानंतर आला. "दारू गाळतत खय? भट्टी दिसाक नाय."

भट्टी नसतेच. आपण दारू 'गाळतो' म्हणतो तेव्हा ती उकळून, वाफेची धार धरून काढतो. साके तशी नाही. आधी लहान टाकीत यीस्टचं विरजण लावायचं. मग मोठ्या टाकीत भात, कोजी आणि पाणी एकदम नाही, तीन हप्त्यांत, चार दिवसांत घालायचं. एक दिवस मध्ये नुसती विश्रांती, त्या दिवसाला म्हणतात 'नाच'. त्यानंतर तीनचार आठवडे गारव्यात सोडून द्यायचं. एकाच टाकीत एकीकडे भाताची साखर होते आणि लगेच दुसरीकडे त्या साखरेची दारू. द्राक्षात साखर आयती असते, तांदळात ती आधी करावी लागते, म्हणून ही दुहेरी कसरत. शेवटी सगळं कापडी पिशव्यांत दाबून गाळतात. खरोखरचं गाळणं, चहा गाळतो तसं. जपानच्या कायद्यात सेइशु म्हणजे 'स्वच्छ साके' ठरायला ते गाळलेलं असणं ही एक अटच आहे. आपल्याकडच्या कायद्याला मद्याच्या व्याख्येपेक्षा परवान्याची काळजी जास्त. मुंबईत प्यायचा परवाना निघतो तो प्रकृती राखण्यासाठी, ही आठवण झाली आणि मला एकटीलाच हसू आलं.

"आयकलंय मी," बाबा म्हणाले. टाकीजवळ कान नेला होता. कौलांवर बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता.

या सगळ्यात बर्फ कुठे? सगळीकडे. हवा धुऊन काढतो, त्यामुळे नको ते जंतू कमी. बाहेर वादळ असो की ऊन, बर्फात बुडालेल्या इमारतीचं तापमान फारसं हलत नाही. मंद आंबणं हेच इथल्या चवीचं गुपित. आणि पाणी: डोंगरात मुरून आलेलं वितळलेलं बर्फ, मऊ, खनिजं थोडी. मऊ पाण्यात यीस्ट सावकाश चालतं आणि चव हलकी उतरते. निईगाताची साके 'तानरेइ काराकुची' म्हणून प्रसिद्ध आहे, हलकी आणि कोरडी. पहिल्यांदा प्यायले होते तेव्हा मला वाटलं होतं, हे तर पाणी आहे, पैसे कशाचे? आता वाटतं तो शेरा तितकासा चुकीचा नव्हता. पाण्याचेच पैसे ते.

पण बर्फाचं सगळ्यात मोठं काम वेगळंच. ते म्हाताऱ्याने बाबांना सांगितलं, कॅलेंडरवर.

"तो पण चाकरमानीच गो," बाबा म्हणाले.

मला वाटलं, काहीतरी गैरसमज करून घेतला. पण म्हातारा बाहेर आल्यावर मी नीट विचारलं आणि बाबांचं खरं निघालं. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोव्हेंबर दाखवला, खांद्यावर पिशवी टाकल्याची खूण केली, खिडकीतून डोंगर दाखवला, मग एप्रिलवर बोट ठेवून जमिनीकडे केलं: परत शेतात. एवढं बाबांना पुरलं. "भाषा कित्याक होयी?"

शेतं बर्फाखाली गेली की पाच महिने काम नाही. म्हणून योशिकावा, काकिझाकीसारख्या गावांतले शेतकरी कापणी उरकून निघायचे आणि डोंगरापलीकडच्या, पार तोक्योभोवतीच्या कान्तोपर्यंतच्या कारखान्यांत साके करायचे. हेच 'एचिगो तोजी' (एचिगो हे निईगाताचं जुनं नाव), जपानभर नाव असलेले कारागीर. तोजी म्हणजे मुकादम आणि आचारी एकाच माणसात. त्याच्या हाताखालची माणसं बहुधा त्याच्याच गावची. एकत्र निघायचं, कारखान्यातच झोपायचं, एकाच पातेल्यातलं जेवायचं, आणि बर्फ वितळता वितळता पगार घेऊन घरी. मागे बायका विणायच्या. शिओझावाचं एचिगो-जोफू कापड अजूनही बर्फावर अंथरून उजळ करतात. हा म्हातारा एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा सैतामाला गेला. थोरला मुलगा जन्मला तेव्हा टाकी ऐन भरात होती, म्हणून त्याने पोराला पाहिलं ते दोन महिन्यांचं झाल्यावर.

बाबा मान हलवत होते. त्यांचा स्वतःचा जन्म आजोबांना पोस्टकार्डाने कळला होता.

मी काही तुलना मांडणार नव्हते. ती बाबांनीच मांडली, बूट काढता काढता. "हेंचे बापूस दारू करूक गेले. आमचो बापूस पिवक गेलो." आणि लगेच, जरा थांबून, "पण त्येका दुसरा काम खय होता रे देवा, बारा तास त्या आवाजात..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आजोबांच्या बाजूने काही बोलताना मी त्यांना याआधी ऐकलं नव्हतं.

आता तोजींची ती वारी जवळपास थांबली आहे. शिन्कान्सेन आली, रस्ते झाले, गावातच नोकऱ्या झाल्या, तरुण मुलं हिवाळ्यात परगावी झोपायला तयार होईनात. निईगाताच्या साकेवाल्यांनी १९८४ मध्येच स्वतःची शाळा काढली, म्हणजे कंपनीच्याच कामगारांना ही विद्या यावी. पूर्वी कारखान्यात बाईला मज्जाव असायचा. मला अडवणारी गमबूटवाली तिथली कारागीर निघाली. साके पिणं मात्र घटतंय. १९७३ च्या सुमाराला खप टोकाला होता, आज त्याचा जेमतेम पाव हिस्सा उरलाय. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने कोजीच्या या विद्येला वारशाच्या यादीत घेतलं. मी म्हाताऱ्याचं अभिनंदन केलं, तर तो म्हणाला, यादीत आलो ते छान, पण एखादी बाटली पण घ्या.

दोन घेतल्या.

दुपारी हाक्काइसान या साकेच्या कंपनीच्या बर्फघरात गेलो. तिथे दर हिवाळ्यात हजार टन बर्फ एका इमारतीत भरतात आणि त्याच्या गारव्यात, विजेच्या यंत्राशिवाय, साके वर्षानुवर्षं मुरवतात. उन्हाळ्यातही तीनचार अंश. बाबांनी बर्फाच्या त्या ढिगाकडे बघून विचारलं, पावसाळ्याचं पाणी आपण असं कोठीत का भरत नाही. उत्तर मला आलं नाही. त्यांना आवडली ती तिथली आमाझाके: कोजीची, अजिबात दारू नसलेली, साखर न घालता गोड. "पेजेत गूळ घातल्यासारखी." तीन कप प्यायले.

युझावा स्टेशनात परतीच्या गाडीला वेळ होता. तिथे भिंतभर छोटे नळ आहेत, निईगातातल्या जवळजवळ प्रत्येक कारखान्याचा एक, नव्वदच्या आसपास. नाणी घ्यायची, प्याला ठेवायचा, बटण दाबायचं. जोडीला जगभरची मिठं चाखायला ठेवलेली. मी पिता पिता बाबा मिठं चाखत गेले आणि आपल्या मिठागराचं यात का नाही यावर अडून बसले. मग त्यांना कान्झुरी सापडली. म्योकोकडचे लोक लाल मिरच्या बर्फावर पसरतात, कडवटपणा काढतात, मग युझु (लिंबाच्या जातीचं फळ), मीठ आणि कोजी घालून तीन वर्षं मुरवतात. बर्फावर मिरच्या वाळवणारे लोक आहेत हे कळल्यावर बाबांनी निईगाताला पूर्ण गुण दिले. चार बाटल्या घेतल्या. माझ्या दोन, त्यांच्या चार.

गाडीत त्यांनी पिशवीतून घडी केलेलं जाड निळं कापड काढलं. निघताना म्हाताऱ्याने दिलं होतं: कमरेला बांधायचं कॅनव्हासचं फडकं, पोती उचलताना कपडे मळू नयेत म्हणून. त्यावर पांढऱ्या, हातभर अक्षरांत कारखान्याचं नाव. "काय लिवलाहा?" मी वाचून दाखवलं. "म्हणजे दारूचा नाव?" हो. त्यांनी घडी घातली आणि परत पिशवीत ठेवली. मला वाटलं, हे कापड आता कपाटाच्या तळाशी जाणार.

जुलैत आईने फोटो पाठवला. लावणीचा दिवस, गुडघाभर चिखल, आणि बाबांच्या कमरेला ते फडकं. अक्षरं चिखलाने अर्धी बुजलेली. गावात कोणी विचारलं तर सांगतात, तांदळाच्या कारखान्याचं नाव आहे. फोनवर आई वैतागली होती. बाबांनी ते पहिल्यांदाच धुवायला टाकलं, तेही बाकीच्या कपड्यांत, आणि आता त्यांचे सगळे बनियन निळे झालेत.